शय्यादानाची गादी

दुपारचे अडीच वाजले आहेत आणि सरोजिनीबाईंना झोप येता येत नाही. त्या पलंगाशेजारी, खाली चटईवर आडव्या झाल्या आहेत. पलंगावर नवी कोरी गादी आहे, पण तिच्यावर कुणी टेकायचंसुद्धा नाही. उद्या त्यांच्या यजमानांचा, भालचंद्ररावांचा बारावा दिवस. गेलेल्या माणसाला तिकडे नीट झोप लागावी म्हणून अंथरूण-पांघरूण दान देतात, त्यासाठी मुलाने, निरंजनने, ती काल सांगलीहून आणली. कमरेला आधार देणारी, चांगली. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

कारण एकोणचाळीस वर्षं बाईंनीच नवी गादी घरात येऊ दिली नव्हती. जुनीत त्यांच्या वडिलांच्या शेतातला कापूस होता, लग्नात आलेला. दर दिवाळीआधी तो पिंजाऱ्याकडून पिंजून घ्यायचा. गादी चार दिवस फुगायची, पाचव्या दिवशी मधोमध पुन्हा खड्डा. त्या खड्ड्यात भालचंद्रराव झोपायचे आणि सकाळी पलंगाचा कठडा धरून उठायचे. बाईंना ते दिसत होतं. दिसत नव्हतं असं आता त्या स्वतःलाही सांगू शकत नाहीत.

डोळे मिटतात, आणि त्या गाद्यांच्या दुकानात उभ्या आहेत. भालचंद्रराव चपला काढून एका गादीवर कुशीवर पडलेत. अंगात बँकेत जायचा निळा शर्ट.

"ही कशी आहे हो?"

"फार मऊ. बुडाल्यासारखं होतं."

"आणि ती पलीकडची?"

"ती नुसती फळी. दगडापेक्षा वीट मऊ, एवढंच."

माणूस गेला तरी चिकित्सा जात नाही. पावशेर वांगी घ्यायलाही यांना अर्धा तास लागायचा. बाईंना हसू येतं, आणि त्या हसत असतानाच दुकानाला छप्पर उरत नाही. ही घराची गच्ची आहे. कठड्यावर जुनी गादी वाळत घातली आहे आणि भालचंद्रराव काठीने ती झोडपताहेत.

"अहो, तुमची कंबर दुखायची का?"

काठी थांबते.

"दुखायची."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो होतो की. दोनदा."

बाईंना दोन्ही वेळा आठवतात. एकदा त्या म्हणाल्या होत्या, माझ्या अप्पांचा कापूस तुम्हाला टोचतो का? दुसऱ्यांदा काही म्हणाल्याच नव्हत्या, नुसत्या रडल्या होत्या.

"तिसऱ्यांदा तरी बोलायचं."

"तू रडतेस," ते म्हणतात. "त्यापेक्षा कंबर परवडली."

बाई कठडा धरायला जातात तर हाताला दवाखान्याच्या खाटेची थंड सळई लागते. खाटेवर मात्र नवी गादी आहे, आणि भालचंद्रराव तिच्यावर उताणे झोपले आहेत.

"कमरेखाली हात घाल बघू," ते म्हणतात. "सहज आरपार गेला तर गादी कडक. शिरलाच नाही तर फार मऊ. अडकत अडकत जायला हवा."

बाई हात घालतात. तो अडकत अडकत जातो. पाठ ऊबदार आहे. शेवटचा हात लावला होता तेव्हा ती गार पडली होती.

"बरोबर आहे ना हो?"

ते झोपलेत. तोंड किंचित उघडं, कण्हणं नाही, कूस बदलणं नाही. इतक्या वर्षांत बाईंनी त्यांना असं झोपलेलं पाहिलेलंच नाही. हात काढला तर जाग येईल म्हणून त्या तशाच वाकून उभ्या राहतात. आता त्यांचीच कंबर भरून येते, पण त्या हलत नाहीत.

"आई, चहा टाकू का गं?"

निरंजन दारात उभा आहे. बाई चटईवर उठून बसतात. समोर पलंगावर, जिच्यावर कुणी टेकलंही नाही त्या गादीची चादर दबलेली आहे. खांद्यांशी रुंद, कमरेशी जराशी, टाचांशी दोन लहान खळगे. ते हळूहळू वर येताहेत.

"आई? ऐकलंस का?"

बाई ओठांवर बोट ठेवतात.

"हळू बोल," त्या म्हणतात. "आत्ता कुठे डोळा लागलाय त्यांचा."