तिसऱ्या बेसवरचं चित्र

आमच्या बेसबॉलच्या किश्शांचं असं आहे, की एक सांगायला घेतला की मागून चार येऊन उभे राहतात. अमरावतीच्या आमच्या ग्राउंडवर सामानाची एक खोली आहे. बॅटा, ग्लोव्ह्ज, चुन्याची पोती आणि भिंतीवर एक फळा. आमचे कोच राऊत सर त्या फळ्यावर कार्टून काढायचे. सगळे किस्से त्या फळ्याचेच.

*

सुरुवात आमच्या अडाणीपणामुळे झाली. आम्ही मोर्शी, नांदगाव खंडेश्वरकडून आलेल्या पोरी आणि खेळातले सगळे शब्द इंग्रजी. सरांनी 'स्टील', म्हणजे बेस चोरणं, समजावलं. पिचर बॉल टाकत असतानाच रनरनं गुपचूप पुढचा बेस गाठायचा. माना सगळ्यांनी हलवल्या, पळालं कोणीच नाही.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर संत्र्याचा बगीचा. एक पोरगी, ओच्यात दोन संत्री, एक पाय कुंपणाबाहेर, नजर रखवालदाराच्या पाठीवर. मोर्शीची सुनीता म्हणाली, "सर, हे तं आमाले येतेच." त्या दिवशी तिनं तीनदा बेस चोरला.

*

मग सर चुकांचीही चित्रं काढू लागले. नियम एकच. ज्याची चूक, त्यानंच चित्र पुसायचं, आणि तेही मैदानावर चूक दुरुस्त केल्यावर. बाकी कोणी डस्टरला हात लावायचा नाही.

एकदा उंच उडालेला बॉल सुनीता घेईल म्हणून वैशाली थांबली आणि वैशाली घेईल म्हणून सुनीता. बॉल दोघींच्या मधोमध पडला. फळ्यावर लग्नाची पंगत आली. दोन बाया एकमेकींना "तुमी घ्या न", "नाई, तुमी घ्या" म्हणताहेत आणि मधला लाडू कुत्र्यानं पळवला आहे.

दोघी दोन दिवस सरांशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी दोघी एकाच बॉलवर धावल्या आणि एकमेकींवर आदळल्या. बॉल मात्र सुनीताच्या हातात होता. सर म्हणाले, "आता अर्धंच पुसा."

*

माझं चित्र तीन आठवडे राहिलं. सरांनी 'सॅक्रिफाइस' सांगितला होता, म्हणजे बॅट हळूच बॉलला टेकवून स्वतः आउट व्हायचं, पण पुढच्या रनरला पुढे जाऊ द्यायचं. मला मोठा फटका मारायचा होता. मारला, झेल गेला, मॅचही गेली. सरांनी मला एसटीत काढलं. मी दोन सीट अडवून झोपले आहे आणि लेकरू कडेवर घेतलेली बाई दांड्याला लटकली आहे. मला फार लागलं ते. मुकाट्यानं आउट व्हायला शिकले, तेव्हा कुठे ते पुसता आलं.

*

सरांनी स्वतःलाही सोडलं नाही. अकोल्याच्या मॅचमध्ये ते नेहमीसारखे तिसऱ्या बेसजवळ उभे होते. रनरनं थांबायचं की होमकडे, म्हणजे शेवटच्या बेसकडे, पळायचं, हे तेच हातानं सांगत. आमच्यात सगळ्यात वेगवान रेहाना. तिच्या अब्बूंचं शिलाईचं दुकान आहे, आमचे फाटलेले बेस तिथंच शिवले जातात. सरांनी उजवा हात गरगर फिरवून तिला पाठवलं आणि ती आउट झाली. आम्ही हरलो.

परत आल्यावर फळ्यावर सर ट्रॅफिक पोलीस झाले होते. शिट्टी फुंकून रेहानाला भिंतीवर पाठवत होते. खाली लिहिलं, 'माही चूक. मीच पुसीन.'

आठ दिवसांनी सरांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली.

*

रेहाना आणि मी भेटायला गेलो. दारातच सरांच्या बायको, आमच्या काकू, हळू आवाजात म्हणाल्या, "भिंतीकडं तोंड करून पडून राह्यते. व्यायाम शिकवणाऱ्या बाईले परत पाठवते. जगायचंच नाई म्हणते."

रेहाना सरांना म्हणाली, "सर, तुमचं चित्र तसंच हाये. पुसाले या."

सर म्हणाले, "तेवढं पुसून घेतो. मंग माहं काम संपलं." काकू पदर तोंडाला लावून आत गेल्या.

*

दोन महिन्यांनी एका रविवारी आमच्याआमच्यात सरावाची मॅच होती. सर काठी टेकत, काकूंच्या आधारानं तिसऱ्या बेसजवळ येऊन उभे राहिले. रेहाना दुसऱ्या बेसवर, आणि मी समोरच्या टीमकडून होमवर कॅचर. सुनीतानं लांब मारला. सरांनी डावा हात फिरवला.

रेहाना तिसरा बेस ओलांडून आली. बॉल अजून दूर होता, माझा ग्लोव्ह रिकामा. होमच्या चार पावलं अलीकडे तिचा वेग कमी झाला. बॉल माझ्याकडे आला. मी तो तिला टेकवला. आउट.

खोलीत सर फळ्यासमोर उभे राहिले. "काहून वं रेहाना, तू लेट झाली का मीच चुकलो?"

"तुमीच चुकले सर. जरा जल्दी पाठवलं."

सरांनी हातातलं डस्टर परत खिळ्याला अडकवलं. काकूंना म्हणाले, "येत्या रविवारी आणशील का मले?"

"लवकर निघू," काकू म्हणाल्या.

रेहाना बाहेर पायरीवर बसली होती. मी विचारलं, "तुह्या पायाले का झालं होतं वं?"

"कुठं काय," ती म्हणाली, आणि बुटाची बांधलेली लेस सोडून पुन्हा बांधू लागली.