आमच्या मजल्यावरची उलकान

नारीन शहरातल्या मुलींच्या वसतिगृहात आम्ही राहायला गेलो तेव्हा सकाळी काही खायचं असतं, हे आम्ही जवळजवळ विसरलो होतो. सगळ्या डोंगरातल्या गावांमधून आलेल्या पोरी. घरून आणलेला पाव आणि लोणी आठवड्यात संपायचं, मग नुसत्या चहावर दुपार गाठायची. माझ्या खोलीतली कुंदुझ एकदा फळ्यावर लिहिता लिहिता चक्कर येऊन पडली. त्याच संध्याकाळी आमची तिसरी सोबतीण, उलकान, पातेलं घेऊन खोल्याखोल्यांतून फिरली.

"तुझ्याकडे काय आहे? काढ बाहेर. गादीखाली लपवलंयस त्याचा वास दारापर्यंत येतोय."

उलकान मेंढपाळाची मुलगी. लोकर कातरायला माणसं आली की त्यांच्यासाठी आईबरोबर रांधून तिचा हात मोठा झालेला. एकीकडून वरी, दुसरीकडून लोणी, तिसरीकडून दगडासारखा वाळलेला पाव, असं ती गोळा करायची. सकाळी दुधात शिजवलेली वरी आणि वर लोण्यात परतलेले पावाचे तुकडे. वरी संपली की भाजलेल्या जवाचं पीठ, आमचं तालकान, गरम चहात कालवून त्यात लोण्याचा गोळा. कधी दह्याचे वाळवलेले गोळे गरम पाण्यात विरघळवायची, त्यात परतलेला कांदा आणि कुस्करलेला पाव. एक वाडगा पोटात गेला की दुपारपर्यंत भुकेची आठवण नाही.

खोलीत विजेची शेगडी लावायला बंदी होती. वसतिगृहावर देखरेख करणाऱ्या जिपार एजे, सगळ्यांची थोरली बहीण म्हणून एजे, कांद्याचा वास आला की दार ठोठावायच्या. उलकान वाडगा पुढे करायची. एजे उभ्याउभ्या खायच्या आणि जाता जाता म्हणायच्या, "मीठ जास्त झालंय. आणि ती शेगडी मला दिसली तर जप्त करीन हं."

दूध आणायचा तो एर्निस. आमच्याच वर्गातला, शेजारच्या मुलांच्या इमारतीत राहणारा. त्याच्या आत्याची गाय होती. तो दुधाची किटली आणायचा आणि आमच्याबरोबर खायचा. इतका लाजाळू की कुणी नाव घेतलं तरी कानापर्यंत लाल व्हायचा. शेगडीची तार जळाली तेव्हा त्यानंच बसून ती दुरुस्त केली होती.

"जावईबापू आले गं!" कुंदुझ ओरडायची.

"गप बस. हाडं बघ त्याची, वाऱ्यानं उडून जाईल एखाद्या दिवशी," असं म्हणून उलकान त्याचा वाडगा काठोकाठ भरायची. तो मान खाली घालून सगळं संपवायचा.

दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात एका सकाळी एर्निस वर आला नाही. फाटकाशी उभा आहे, दूध घ्यायला खाली ये, असा त्याचा निरोप आला. उलकाननं शेगडीवर वरी ठेवली होती.

"ढवळत राहा गं, खाली लागू देऊ नकोस," असं मला म्हणून ती हातात रिकामं भांडं घेऊन, पायात खोलीतल्या सपाता तशाच, खाली धावली.

मी ढवळत होते. खिडकीशी उभ्या असलेल्या कुंदुझनं अचानक किंकाळी फोडली. मी धावले. खाली बर्फात एक पांढरी गाडी होती, तीन-चार मुलगे होते आणि त्यांच्यामध्ये उलकान हातपाय झाडत होती. दार बंद झालं. गाडी गेली. भांडं फाटकाशी लोळत राहिलं.

"पळवली," कुंदुझ म्हणाली. "पण एर्निस कुठाय? तो तर तिथंच उभा होता ना?"

"तो गाडीत बसला," मी म्हणाले. माझे शब्द माझ्याच कानांना खरे वाटेनात. मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पुढचं दार त्यानंच उघडलं होतं, आणि बसण्याआधी दुधाची किटली नीट भिंतीशी टेकवून ठेवली होती.

मुलगी पळवून लग्न लावतात हे आम्हाला नवीन नव्हतं. प्रत्येकीच्या नात्यात अशी एखादी होतीच. पण काल सकाळी आपल्यासमोर मांडी घालून बसलेला, शेगडी दुरुस्त करणारा हा मुलगा? वरी करपल्याचा वास आला तरी कुणी हललं नाही.

जिपार एजेंना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. मला वाटलं रडतील. त्यांनी कोट घातला.

"त्याचं गाव कुठलं?"

"नदीच्या वरच्या अंगाला. पण एजे, पोलिसांना…"

"पोलीस येतील, तोवर अंधार पडेल. एक रात्र त्या घरात गेली की तिच्या आईबापांनाच ती परत नको होईल. चला."

बाजारात कोबी उतरवणाऱ्या ट्रकवाल्याला त्यांनी कसं तयार केलं कोण जाणे. आम्ही तिघी पुढे दाटीवाटीनं बसलो.

त्या घरी सोहळा चालू होता. अंगणात मेंढी सोलत होते, आत बायका पिठाचे गोळे तळत होत्या. एकीनं तर हसून आम्हाला "या, बसा" म्हटलं! कोपऱ्यात पडदा लावला होता आणि पडद्यामागे उलकान भिंतीला पाठ लावून बसली होती. एक सपात पायात, दुसरा पाय उघडा. दोन बायका तिच्या डोक्यावर लग्नाचा पांढरा रुमाल बांधायला बघत होत्या आणि ती तो ओढून फेकत होती. तिच्या गालावर ओरखडे होते. तिनं आम्हाला पाहिलं.

एर्निस दाराबाहेर भिंतीशी उभा होता. मी त्याची कॉलर धरली.

"का रे? का केलंस हे?"

त्यानं वर पाहिलं. तोच लाजाळू चेहरा. "मला वाटलं तिला माहीत आहे," तो म्हणाला. "रोज माझा वाडगा ती काठोकाठ भरायची. दुसऱ्या कुणाचा भरायची का?"

त्याला खरंच तसं वाटत होतं.

पडद्यामागून उलकानचा घोगरा आवाज आला. "तुला भूक लागायची म्हणून भरला. एवढंच."

मग ती उठली. तेवढ्यात एर्निसची आजी लगबगीनं आली आणि सरळ उंबऱ्यावर आडवी झाली. वडीलधाऱ्या बाईला ओलांडून जाणाऱ्या मुलीचं कधी भलं होत नाही, असं आमच्याकडे मानतात. उलकान थांबली. तिचा उघडा पाय हवेत तसाच राहिला, मग खाली आला.

"ये पोरी, बस," म्हातारी पडल्यापडल्याच मायेनं म्हणाली. "आम्ही सगळ्या अशाच आलो. रडून रडून रुळलो. मला ओलांडशील तर जन्मभर रडशील."

तेव्हा जिपार एजे पुढे झाल्या.

"आजी, मलाही असंच बसवलं होतं. माझ्यापुढेही एक म्हातारी आडवी झाली होती. मी तिला ओलांडलं नाही. तेवीस वर्षं झाली. एकदा विचारा मला, सुखात आहे का म्हणून."

मी आणि कुंदुझनं एकमेकींकडे पाहिलं. एजेंचा नवरा आम्हाला ठाऊक होता. हसरा माणूस, दर शरदात आमच्यासाठी सफरचंदांची पेटी आणायचा. आम्ही त्याला आजोबा म्हणून चिडवायचो.

"विचारा ना," एजे पुन्हा म्हणाल्या. कुणी विचारलं नाही.

"बरं. शाप लागायचाच असेल तर आधी मला लागू दे." आणि त्यांनी आपला घागरा सावरून, घरातल्या सगळ्यांच्या देखत म्हातारीच्या अंगावरून पाय टाकला. बाहेर उभ्या राहून त्यांनी हात पुढे केला. उलकाननं तो धरला आणि तीही बाहेर आली.

म्हातारीनं जी किंकाळी फोडली ती ट्रक वळणापलीकडे जाईपर्यंत ऐकू येत होती.

त्यानंतरही धक्के संपले नाहीत. उलकानची आई आली आणि तिला जवळ घ्यायच्या आधी म्हणाली, "परत का आलीस? आता तुला कोण करून घेईल?" बाप मात्र आमच्या खोलीत गुपचूप बसून राहिला, चहा प्यायला आणि जाताना मुलीच्या उशाशी नवे बूट ठेवून गेला. एर्निस वर्गात पुन्हा दिसला नाही, रशियात कामाला गेला असं कळलं. पण आठवड्यानं त्याची आत्या फाटकाशी आली, आणि काही झालंच नाही अशा आवाजात तिनं विचारलं, "दूध हवंय का गं पोरींनो?"

उलकान बरेच दिवस शेगडीजवळ फिरकली नाही. आम्ही करपलेली वरी खात राहिलो. वसंतात एके सकाळी कुंदुझ कांदा फारच जाड चिरत होती, तेव्हा उलकाननं तिच्या हातातून सुरी काढून घेतली. त्या दिवसापासून पातेलं पुन्हा तिचं झालं. पण वाढायला मात्र ती कधी बसली नाही. पातेलं मध्ये ठेवायची आणि म्हणायची, "ज्याचं त्यानं घ्या."

आता ती तलासकडच्या एका शाळेत शिकवते. नवरा तिनं स्वतः निवडला, उशिरा. दोन मुलगे आहेत. मागच्या उन्हाळ्यात भेटली तेव्हा मी विचारलंच, त्या म्हातारीची भीती वाटते का म्हणून.

"पोरं तापानं फणफणली की वाटते," ती म्हणाली. "तिचा आवाज येतो कानात. मग एजेंना फोन करते."

"त्या काय म्हणतात?"

"शिव्या घालतात. आधी मला, मग म्हातारीला," उलकान म्हणाली आणि लेकराच्या नाकाला रुमाल लावून ते पुसू लागली.