हाडाने न धरलेला दांडा

माझ्या मोठ्या बहिणीचा, अक्काचा, खुबा धुळ्यात बदलला. डॉक्टर म्हणाले होते, "सिमेंट वापरलेलं नाही. मांडीच्या हाडात बसवलेल्या खडबडीत दांड्यात हाड वाढून त्याला घट्ट धरेल."

दोंडाईच्याला घरी आल्यावर ती वॉकर धरून चालू लागली, पण मांडी ठणकतच राहिली. पुन्हा एक्स-रे काढला, तर दांडा खाली सरकलेला. पाय आखूड झाला होता. ठिसूळ हाडाने दांडा धरलाच नव्हता. हृदय अशक्त असल्यामुळे दुसऱ्या ऑपरेशनला डॉक्टर तयार नव्हते.

परतताना गाडीत अक्का म्हणाली, "भाऊ, मनं हाडच मनं ऐकत नई, तू काय करशी?"

मी तिच्या एका चपलेला जाड तळ लावून आणला. ती घालून अक्का घरात फिरते. दारापुढच्या ओट्यावर मात्र येत नाही, बाया पायाकडे बघतात म्हणून.