चारातला एक नासका

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, एका वाइनरीत चाखायच्या कामावर होते. लोकांना वाटायचं, काय चैनीची नोकरी! प्रत्यक्षात ते दिवसभर घोट घ्यायचे, तोंडात घोळवायचे आणि बादलीत थुंकायचे. "थुंकून संसार केला माझ्या नवऱ्याने," ताई हसत सांगायची. तिने स्वतः मात्र आयुष्यात थेंबाला तोंड लावलं नाही.

भाऊजींचं खरं भांडवल म्हणजे नाक. उंबऱ्यातूनच सांगायचे, दूध कालचं आहे, नि कपाटात कोणीतरी ओला टॉवेल कोंबलाय.

"भाऊजी, तुम्ही नाकाने कांदे सोलता हो," मी चिडवायची.

"सोलतो की. पांढरा सोलू का लाल, तेवढं सांगा."

निवृत्त झाले आणि त्याच हिवाळ्यात त्यांना ताप आला. ताप गेला, पण जाताना वास घेऊन गेला. डॉक्टर आधी म्हणाले, येईल हळूहळू. मग म्हणाले, सवय करून घ्या. हे दोघांनी कोणालाच सांगितलं नाही. लेकीलासुद्धा नाही. त्यामुळे तिने मोठ्या हौसेने आईवडिलांसाठी सुट्टीत वाइनऱ्यांची सहल ठरवली. "बाबा, इतकी वर्षं कामासाठी चाखलंत, आता मजेसाठी चाखा." ताईचे गुडघे धड नाहीत, म्हणून सोबतीला मी.

पहिल्या वाइनरीत लांबलचक टेबल, पांढरं कापड, मागे काचेतून दिसणारे द्राक्षांचे मळे. वाइन ओतणारी मुलगी एकेक ग्लास पुढे करत होती. माझ्या लक्षात आलं, भाऊजींचा ग्लास आधी ताई उचलते, नाकाशी नेते आणि मग त्यांच्या कॉलरवरचा नसलेला केस झटकत कानाशी काहीतरी पुटपुटते. त्यानंतर भाऊजी ग्लास गोल फिरवत, घोट घेत, थुंकत आणि म्हणत, "नव्या चामड्याची छटा आहे. शेवटी थोडा धूर." आजूबाजूचे प्रवासी आ वासून बघत.

दुपारी मुक्कामाच्या खोलीवर भाऊजी अंघोळीला गेले. सकाळपासूनची दुसरी अंघोळ. गुडघ्याला तेल चोळता चोळता ताईने सगळं सांगितलं.

"चामडं बिमडं मला कुठलं कळतंय! मी म्हटलं, नव्या दप्तरासारखा येतोय. त्यांनी त्याचं चामडं केलं. मी म्हणते, उन्हात वाळलेली दुपटी, ते त्याचं काहीतरी छान करतात. माझं नाक, त्यांची जीभ. चाललंय आमचं."

"आणि तू चुकलीस तर?"

"चुकले तरी चालतं गं. खोटं चालत नाही. पहिल्या दिवशीच ठरलंय आमचं, जे येईल तेच सांगायचं, कसंही असो." तिने तेलाची वाटी बाजूला ठेवली. "परवा ते ओट्याशेजारी पेपर वाचत होते आणि पातेलं जळून कोळसा झालं. धूर डोळ्यात गेला तेव्हा उठले. दोनदोनदा अंघोळ करतात. मला विचारतात, घामाचा वास येतोय का गं? या वयात माझ्याजवळ बसायला संकोचतात."

आत पाण्याचा आवाज थांबला तसा तिने विषय बदलला.

सहलीतली शेवटची वाइनरी भाऊजींचीच जुनी. ताई सकाळपासून मागे लागली होती. "डोकं दुखतंय म्हणून कळवू या ना."

"म्हणजे म्हणतील, म्हातारा रुसला."

"म्हणू देत की!"

"अगं, तिथे अजून माझ्या नाकाची शपथ घेतात. एवढी एक जागा राहू दे मला. तू असशील ना शेजारी? मग झालं."

तिथला प्रमुख आता बारक्या. भाऊजींच्या हाताखाली शिकला तेव्हा काडीपैलवान होता, म्हणून ते नाव; आता चांगली ढेरी सुटली होती. त्याने भाऊजींना घट्ट मिठी मारली. "सर, हे वरचं टेबल पाहुण्यांना. तुम्ही तळघरात चला. थेट पिंपातलं काढून ठेवलंय, मंडळी वाट बघतायत."

तळघराचा जिना उभा आणि अरुंद. ताईने एक पायरी उतरून पाहिली आणि भिंत धरली.

"वहिनी, तुम्ही वरच बसा. पडलात तर सर मला पिंपात बुडवतील!" बारक्या हसला.

भाऊजींनी ताईकडे पाहिलं. ताईने माझ्याकडे. मी त्यांच्या मागोमाग खाली उतरले.

तळघरात गार होतं. फळीवर चार ग्लास मांडलेले, भोवती तीन-चार कामगार उत्सुकतेने उभे. मी पुढे सरकले, तसा बारक्या म्हणाला, "मॅडम, आधी सर. इथली रीतच आहे, सरांच्या आधी कोणी ग्लास उचलायचा नाही."

भाऊजींनी सगळं यथासांग केलं. ग्लास दिव्यासमोर धरला, फिरवला, नाक आत घालून डोळे मिटले. आंबट-गोड जिभेला अजून कळत होतंच. पहिल्याला म्हणाले, "नीट बसलीय." दुसऱ्याला, "हिला अजून थांबू द्या." तिसऱ्याशी जरा जास्त रेंगाळले. थुंकले, ओठ पुसले. "ही. या वर्षाची सगळ्यात चांगली ही. हिला हात लावू नका."

एक कामगार मोठ्याने हसला. सर थट्टा करतायत असं वाटलं असावं त्याला. भाऊजी हसत नाहीत हे पाहून तो मधेच थांबला.

"बरोबर आहे सर," बारक्या घाईघाईने म्हणाला. "अगदी बरोबर."

भाऊजींनी चारही ग्लासांवरून नजर फिरवली. मग हळूच विचारलं, "नासका कितवा होता रे?"

"नाही सर. हल्ली तसं नाही करत आम्ही."

पद्धत भाऊजींनीच घातलेली. नवी माणसं शिकवताना चार ग्लासांत एक ते मुद्दाम नासक्या पिंपातला ठेवायचे. ज्याला ओळखता येणार नाही, त्याने सगळ्यांचे ग्लास धुवायचे. बारक्याने उमेदवारीत महिनोन्‌महिने ग्लास धुतले होते. आज त्याने तो ग्लास ठेवला होता तो कौतुकापोटी. सर लांबूनच नाक मुरडतील, "गाढवा, मलाच फसवतोस?" म्हणून कान पिळतील, एवढीच त्याची हौस. त्या शिवीसाठीच सगळे जमले होते.

मी तिसऱ्या ग्लासावर वाकले. बादलीत विसरलेल्या फडक्याचा वास.

भाऊजींनी चारही ग्लास बोटांत अडकवले, कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेले आणि बाह्या वर न करताच नळ सोडला.

"सर, नको. सर, मी धुतो ना." बारक्या नळाकडे धावला.

"नियम आहे," भाऊजी म्हणाले. एकेक ग्लास त्यांनी नीट धुतला आणि उपडा ठेवला. कामगार पायांकडे बघत उभे राहिले.

परतताना गाडीत ताई मधे, आम्ही दोघं कडेला. आमच्या तोंडांवरूनच तिला कळलं असावं. बऱ्याच वेळाने भाऊजींनी मनगट तिच्यापुढे केलं. बाहीवर तिसऱ्या ग्लासातलं सांडलेलं होतं, लाल डाग पाण्याने पसरला होता.

"सांग."

ताई वाकली. तिच्या नाकपुड्या आक्रसलेल्या मला दिसल्या. गाडीत मलाही तो वास येत होता. तिने खिडकीबाहेर पाहिलं, परत डागाकडे पाहिलं आणि म्हणाली, "चांगला येतोय. पिकलेल्या फळांसारखा."

भाऊजींनी तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही. मनगट मागे घेतलं आणि बाहीचं बटण लावून टाकलं.

ताई मला फोनवर सांगते, अजून ती प्रयत्न करते. सकाळी चहा ओतताना म्हणते, "अहो, शेजारी शेंगा भाजतायत वाटतं, किती खमंग येतोय बघा." ते पेपरचं पान उलटतात. अंघोळ आता तीनदा करतात, आणि घामाचं तिला विचारत नाहीत.