अंतर राखून केलेले बारसे

इंदूरच्या मल्हारगंजातील आमची गल्ली इतकी अरुंद आहे की समोरासमोरच्या गॅलऱ्यांतून हात लांबवला तर लोणच्याची बरणी देता-घेता येते. साथीच्या पहिल्या उन्हाळ्यात ही सोय धोक्याची ठरली. समोरच्या घरातील सुनेचे दिवस भरत आले होते. तिला हा आजार होता कामा नये, असे डॉक्टरांनी बजावले होते. घरच्यांनी दार लावून घेतले. पण गल्लीत कोणी खोकले तरी ते तिच्या खिडकीपाशी होते. तिला जपायचे तर साऱ्या गल्लीनेच जपायला हवे होते.

आपापल्या दारात उभे राहून आम्ही नियम ठरवले. ओट्यावर बैठक नाही. दूध-भाजी सर्वांसाठी एकाच माणसाने, पाळीपाळीने आणायची आणि प्रत्येक दाराबाहेर ठेवायची. मी निवृत्त शिक्षक. नियम पाळवून घेण्याचे काम माझ्याकडे आले. मी ते मागितले नव्हते. नाकारलेही नाही.

विरोध केला तो माझ्या शेजाऱ्याने. त्याचे शेवेचे दुकान आहे. दुकान बंद झाल्यामुळे तो रिकामा होता, आणि रिकाम्या माणसाला ओटा लागतो.

"काकाजी, थोडं तर बसू द्या यार. ओटा माझ्या बापाचा आहे."

"वडिलांचा आहे, पळून जाणार नाही. आत जा."

"भिया, तुम्ही तर कर्फ्यूपेक्षा कडक!" इंदुरी बोलीत काकाही भिया, म्हणजे भाऊच.

तो आत जाई, पुन्हा बाहेर येई. मी खिडकीतून नुसते पाहिले की पुन्हा आत जाई. समोरची सून पडद्याआडून हे पाहून हसे. त्या दिवसांत तिला दुसरी करमणूक नव्हती.

मग दूध-भाजीची पाळी त्याची आली. ती त्याने चोख केली. पाळी संपत आली असताना एके सकाळी तो गॅलरीत आला आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडला, "सुनो भिया! रात्रीपासून मला कणकण आहे. पोह्यांची चव लागत नाही. इंदूरच्या माणसाला पोह्यांची चव लागत नाही म्हणजे मामला गडबड आहे. माझ्या दाराशी कोणी येऊ नका. मी आणलेल्या पिशव्या धुऊन घ्या. आणि समोरच्या काकू, सूनबाईंची खिडकी बंद करा."

त्याला हे लपवता आले असते. त्या काळात अनेकांनी लपवले. तपासणीत आजार निघाला. नवरा-बायको घरात कोंडून राहिले. बाकीची दारेही बंद झाली. जेवणाचा डबा त्यांच्या ओट्यावर ठेवायचा, हाक मारायची आणि मागे फिरायचे, असा क्रम सुरू झाला. थोडे बरे वाटताच गॅलरीतून तक्रारी आल्या.

"दुधी कोणी पाठवला? यापेक्षा ताप बरा होता!"

दुधी आमच्याकडचा होता. दुसऱ्या दिवशीही तोच पाठवला.

सुनेच्या घरी रोज सकाळी एकच प्रश्न विचारला जाई: कोणाला ताप आहे का? रोज नाही असे उत्तर येई. आजार त्या एका घराबाहेर गेला नाही. शेजारी बरा झाला. त्यानंतर काही दिवसांनी सुनेला मुलगी झाली आणि दोघी सुखरूप घरी आल्या.

बारशाला पाहुणे नकोत, हे सुनेनेच ठरवले. पाळणा गॅलरीत बांधला. गल्ली आपापल्या गॅलऱ्यांत उभी राहिली. बाळाची आत्या शहराबाहेर, राऊला राहते. तिने आपण होऊन येणे टाळले. स्पीकर लावून फोन बाळाच्या कानाशी धरला, तिने नाव सांगितले आणि "कुर्रर्र" केले. ते साऱ्या गल्लीने ऐकले. या क्षणी आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे असतात. बायकांनी सवयीने हात उचलले. पण समोर पाठच नव्हती.

फोनमधून आत्या म्हणाली, "मारा ना आता! पाठ राऊला आहे माझी."

"ही तर चीटिंग आहे, वन्सं!" सून म्हणाली.

निकाल तिच्या सासूबाईंनी दिला. "उचललेला हात रिकामा जायला नको. ज्याच्या-त्याच्या घरात जी पाठ हाताशी असेल तिच्यावर घाला. शेजारच्या घरात हात घालायचा नाही, काकाजी रागावतील."

गॅलऱ्यांतून धपाट्यांचे आवाज येऊ लागले. शेजारी ओरडला, "अगं, मी पेशंट होतो!" त्याच्या बायकोने आणखी एक घातला.

माझी पत्नी हात उचलून थांबली होती. आजवरच्या संसारात असा प्रसंग आला नव्हता.

"काकू, सोडू नका! पूरी गल्लीचा हिसाब आहे!" शेजारी म्हणाला.

मी नियम आठवून पाहिले. त्यांत हे बसत होते. मी पाठ वळवली.

धपाटा हलका नव्हता. गल्ली इतकी हसली की पाळण्यातली मुलगी दचकून उठली आणि रडू लागली. तिचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. मीही हसत होतो. शांत राहा, असे त्या दिवशी मी कोणालाही सांगितले नाही.