सोळा शून्यं आणि आमचं रेशनकार्ड

काय तोंडाने सांगू? पण चहा ओतलाच आहे, तर ऐका. मी मेलीने एक आकडा लिहिला आणि शेजारच्या पोरीची नोकरी घालवली!

जव्हारला आमच्या भिंतीला भिंत लागून नीलम राहते. घरी बसून एका कंपनीचं काम करते. कॉम्प्युटरची मूळ यंत्रणा असते ना, जिच्या जिवावर बाकीचं सगळं चालतं, ती मध्येच कोसळायची. का, ते हिने शोधायचं. शुक्रवारपर्यंत सापडलं तर नोकरी पक्की, नाहीतर रामराम.

बुधवारी मी नागलीच्या भाकऱ्या द्यायला गेले. (डोकावायलाच गेले होते, तुमच्यापासून काय लपवायचं?) नीलम रडकुंडीला आलेली.

"काकू, मशीन मेमरीत चुकीच्या पत्त्यावर जातंय. पण कोसळतं चार-पाच दिवसांतून एकदा, मागे नोंदही राहत नाही. मी गच्चीवर जाते, सरांचा फोन आहे, खाली रेंज नाही. तेवढ्यात कोसळलंच, तर 'ॲड्रेस'च्या पुढचा आकडा उतरवाल? अर्ध्या मिनिटात जातो हं!"

"अगं, सातवी पास आहे मी!"

ती गच्चीवर गेली आणि नेमकं तेव्हाच कोसळलं! पडदा निळाशार. चष्मा सावरून बघते तर काय, पत्त्यापुढे नुसती शून्यं! मोजली, सोळा! म्हटलं, पोरीचा पत्ता कोराच? सरांपुढे हिची काय शोभा? मला पाठ असलेला लांबलचक आकडा एकच. दिला कागदावर ठोकून!

"काकू, देवासारख्या धावलात!" खाली आल्यावर म्हणाली हो ती.

मग दोन दिवस ती आणि तिचे सर तो आकडा शोधतायत. ना जेवण, ना झोप.

"काकू, असा पत्ताच नाही मशीनमध्ये!"

"सापडेल गं. जातोय कुठे?" कोण म्हणतंय? मी!

शुक्रवारी दुपारी सरांनी काम दुसऱ्याला दिलं, हिला रामराम. मी पोरीच्या पाठीवरून हात फिरवत बसले होते, तर आमचे हे मला बोलवायला आले. टेबलावरचा कागद उचलला.

"अगो, आपल्या रेशनकार्डाचा नंबर इथे कशाला?"

नीलमने मान वर केली. "काकू... पडद्यावर काय होतं?"

"काहीच नव्हतं गं. नुसती शून्यं."

तिने कपाळावर हात मारला. "काकू, तोच तर रोग! कुणीतरी पत्ता भरायचा विसरलाय. शून्यावर गेलं की मशीन कोसळतं. दहा मिनिटांचं काम होतं हो!"

शाळेत मास्तरांनी दिलेली शून्यं मी इमानदारीत जशीच्या तशी घरी आणायचे. आयुष्यात एकदाच शून्यांची कुणाला गरज पडली, तर तिथे मला अक्कल फुटली!