ठोकून न पाहिलेला माणूस

महाड आणि पोलादपूर या दोन्ही तालुक्यांतील समस्त नागरिकांना, विशेषतः माठ, नारळ, टायर आणि जावई खपवणाऱ्यांना, अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की आमच्या साडूंनी आयुर्विमा काढण्याचे ठरवले असून तो ऑनलाइन आहे आणि त्यात वैद्यकीय तपासणी नाही. ही बातमी ज्यांना साधी वाटली त्यांना आमचे साडू ठाऊक नाहीत. सावित्री नदीच्या दोन्ही काठांवर अशी वस्तू उरलेली नाही, जी या माणसाने बोट वाकवून, कान लावून ठोकून पाहिलेली नाही.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. वय चोपन्न, मुक्काम पोलादपूर, स्वतःचा टेंपो. महाडहून माल भरायचा आणि वरंधचा घाट चढून भोरला पोचवायचा, हा धंदा. घाटात शिरण्याआधी सगळी चाकं ठोकून त्यांचा आवाज ऐकणं मी समजू शकतो. पण हा गृहस्थ लग्नाच्या मांडवात गेला की आधी खांब ठोकतो आणि मग अक्षता घेतो. महाडच्या बाजारात त्यांच्याबरोबर माठ घ्यायला जाण्याचा मूर्खपणा मी एकदा केला होता. एकोणतीस माठ वाजवून झाल्यावर कुंभारीण म्हणाली, "भाऊ, माठ न्यायचाय का भजनाला बसायचंय?" साडूंनी शांतपणे तिसावा वाजवला आणि पहिला उचलला. माझं लग्न ठरत होतं तेव्हा सासऱ्यांनी माझी पारख करायलाही यांनाच धाडलं होतं. त्यांनी मला आमच्या अंगणातून विहिरीपर्यंत चालत जायला लावलं, परत यायला लावलं, पाठीवर दोन थापा मारल्या आणि माझ्या देखत निकाल दिला, "पोकळ हाय, पण फुटायचा नाय." या दाखल्यावर माझा संसार गेली बावीस वर्षं चालू आहे.

एकच वस्तू या तपासणीतून सुटली होती, ती म्हणजे खुद्द साडू. डॉक्टर हा प्राणी त्यांना मंजूर नव्हता. "तो काय बघतो? नुस्ता लिवतो," असं त्यांचं मत. गावात एकदा आरोग्य शिबिर आलं होतं. तिथल्या तरुण डॉक्टरने छातीला नळी लावल्याबरोबर साडूंनी ती त्याच्या कानातून काढून आपल्या कानात घातली, त्याच्याच छातीला लावून ऐकली, "चालू हाय," असं त्याला सांगितलं आणि शर्टाची बटणं लावत निघून आले.

गेल्या पावसाळ्यात घाटात दरड आली आणि साडूंचा टेंपो पलीकडे अडकला. फोन लागेना. दुसऱ्या दिवशी दुपारी ते हसत दारात उभे राहिले तेव्हा ताई, म्हणजे माझी मेव्हणी, उंबऱ्यातच बसलेली होती. ती रडली नाही की ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "विम्याचा कागद हातात देत नाय तवर घाटात जायचं नाय." मुलगी बारावीला, घरात दुसरं कमावणारं माणूस नाही, तेव्हा तिचं चुकलं असं म्हणायची माझीही छाती झाली नाही. कागद करून देण्याचं काम अर्थातच माझ्याकडे आलं, कारण मी शाळामास्तर आणि माझ्याकडे चष्मा आहे.

रीतसर विम्याला तपासणी लागते. साडू त्यासाठी तीनदा महाडला आले आणि तिन्ही वेळा प्रयोगशाळेच्या दारातून परत गेले. एकदा पाटी वाकडी होती, एकदा खुर्ची हलत होती, तिसऱ्यांदा तर त्यांनी दार ठोकून पाहिलं आणि दारच आवडलं नाही. शेवटी वैतागून मी ऑनलाइन विमा शोधला. प्रश्नांची उत्तरं द्यायची, की पॉलिसी फोनवर येते. मला वाटलं, हा माणूस माझे पाय धरील. त्याऐवजी तो भडकला.

"मना न बघता घेणार? मास्तर, बैल घेताना दात मोजतात, शेपूट उचलून बघतात. जो न बघता माल उचलतो तो एक तर खुळा असतो, नायतर त्याला पैशे द्यायचेच नसतात."

मी विमा नियामकाच्या यादीत कंपनीचं नाव दाखवलं, नोंदणीचा क्रमांक दाखवला. साडूंनी माझा फोनच ठोकून पाहिला. शेवटी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावून दिला, तर हे पलीकडच्या मुलीला म्हणतात, "बाय, तू बसलीयस ते टेबल जरा वाजव." आणि त्या बिचारीने खरोखर वाजवलं! साडूंनी डोळे मिटून ऐकलं. "लाकूड नाय," ते म्हणाले, "पण पोरगी खरी हाय. आता इचार तिला."

ती मुलगी खरंच नीट बोलली. तपासणीशिवाय मिळणारी रक्कम मर्यादित असते, हप्ता थोडा जास्त पडतो, आणि तपासणी नाही म्हणजे कंपनी तुमच्या शब्दावर चालते. आजार लपवला आणि तो पुढे निघाला, तर दावा नाकारला जाऊ शकतो. साडूंनी फोन माझ्या हातात परत दिला. मग म्हणाले, "म्हंजे तपासणार हायत. पण मी गेल्यावर. तेव्हा उत्तर द्यायला घरात ही एकटी."

तरीही ताईचा धाक मोठा. रविवारी सकाळी पोलादपूरला त्यांच्या ओटीवर मी फॉर्म उघडून बसलो. ताई सुपात वाल निवडत होती. मी एकेक प्रश्न वाचू लागलो. दारू? "नाय." तंबाखू? साडूंनी ताईकडे पाहिलं, ताईने साडूंकडे पाहिलं, मी मुकाट्याने 'होय'वर बोट ठेवलं. चढ चढताना धाप लागते का, छातीवर दडपण येतं का?

"नाय!" साडू जरा जास्तच मोठ्याने म्हणाले.

सुपातला हात थांबला. "शिवथरच्या घळीला गेलो व्हतो तवा?" ताई म्हणाली.

"तवा काय?"

"धा पायऱ्या झाल्या की कठडा वाजवीत व्हता. मग झाड वाजवलंत. मग धोंडा. धोंडा कोण वाजवतं, वो?"

मीही त्या दिवशी बरोबर होतो. 'घळीच्या पायऱ्या पास करणारे इन्स्पेक्टर' ही गोष्ट मी नंतर तीन लग्नांत, पदरची भर घालून, सांगितली होती आणि लोक पोट धरधरून हसले होते. धोंड्याला कान लावून बसलेल्या माणसाचा घामाने भिजलेला शर्ट मला आत्ता, पहिल्यांदाच, दिसला.

साडू अंगणाकडे बघत राहिले. "लाव मास्तर, होय लाव," ते हळूच म्हणाले. "फुटका माल गुपचूप आपण कुणाला दिला नाय कधी."

मी 'होय' लावलं. क्षणभर फोनवर चाक गरगरलं आणि अक्षरं आली: पुढे जाण्यासाठी वैद्यकीय अहवाल आवश्यक. माझी आठवड्याची मेहनत पाण्यात गेली होती आणि साडूंचा चेहरा मात्र उजळला होता. "बगितलंस? बघायचं म्हणते! कंपनी खरी हाय!"

ज्या माणसाला तीन वेळा ओढून नेता आलं नव्हतं, तो मंगळवारी आपण होऊन डॉक्टरकडे आला. सध्या सकाळ-संध्याकाळ गोळ्या चालू आहेत, घाटात टेंपो नात्याचा एक ड्रायव्हर नेतो आणि कागद अजून यायचा आहे. येईल की नाही, मला सांगता येत नाही. मी ती पायऱ्यांची गोष्ट आता कुणाला सांगत नाही.

पण डॉक्टरांकडची सांगतो. दवाखान्यात पडद्याआड साडू उघड्या पाठीने बसले होते, पडद्याबाहेर ताई आणि मी. फटीतून दिसलं, म्हाताऱ्या डॉक्टरांनी पाठीवर एक बोट टेकवलं आणि दुसऱ्या बोटाने त्यावर ठोकून, कान देऊन, ऐकायला सुरुवात केली. साडूंना आयुष्यात प्रथमच आपल्या जातकुळीचा माणूस भेटला होता. आनंदाने त्यांचा आवाज चढला, "ठोकून बघता व्हय! मग सांगा डॉक्टर, माल कसा हाय?"

डॉक्टर ठोकतच राहिले. टक्, टक्, एवढंच ऐकू येत होतं. आणि सगळा दवाखाना ऐकेल अशा आवाजात पडद्याबाहेरून ताई एकदम बोलून गेली,

"कसाबी असू दे डॉक्टर, मी बदलून घेणार नाय!"